नाल्याकाठचा पट्टा

कोरीट शिवार
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना मयूरीचा नमस्कार.

तुमचं पत्र भरतनं काल दुधाच्या गाडीतून आणून दिलं. कॅनच्या झाकणाखाली दाबून आणलेलं, त्यामुळे कागदाला दुधाचा वास होता. रुपानं तो हुंगला आणि म्हणाली, "आजीचा वास."

तुम्ही विचारलंत, फोन बंद करून आम्हाला काय मिळालं. खरं सांगायचं तर अजून कळलेलं नाही. तुमचा योगेंद्र (पत्रात तरी नाव घेते, तुमच्यासमोर जीभ रेटत नाही) म्हणतो, जे नसलं तरी चालेल ते आधी सोडून बघायचं, मग आपल्याला खरंच काय लागतं ते समजतं. नाशिकची नोकरी सोडली, गाडी विकली, विहिरीवरची मोटर काढली, आता फोन. घर मातीचं, वर गवताचं छप्पर. उन्हावर भरणारा एक दिवा, तोही जेवणं होईपर्यंत. भांडी राखेनं, केस रिठ्यानं. संडास खड्ड्याचा. वापरला की राख टाकायची, वर्षानं त्याचं खत झाडांना. तो नाल्याकाठच्या पट्ट्याला लागूनच बांधलाय, म्हणजे खत लांब वाहायला नको.

त्या पट्ट्यावरून बाबा अजून रागावलेले आहेत ना? चांगली काळी जमीन ओस टाकली म्हणून? आम्ही तिथं नांगर घातला नाही की विळा लावला नाही, एवढंच केलं. आता आत बोरी, हिवर, बाभळी, आणि माणूस बुडेल एवढं गवत. सकाळी तित्तर ओरडतात. आपण या जमिनीतून इतकं घेतो, एक कोपरा तिच्यासाठी ठेवला, असं योगेंद्र म्हणतो. मलाही ते पटतं.

बाकी सगळं ठीक. मोती मात्र दोन दिवस झाले घरी आला नाही. आजूबाजूला ऊसतोड सुरू झालीय. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर भाकरीचे तुकडे मिळत असतील, तिकडेच रमला असेल.

तुमची
मयूरी


म्हसावद
२४ नोव्हेंबर

चि. मयूरीस अनुसयाबाईचे आशीर्वाद.

रुपाला सांग, तो आजीचा वास नव्हता, भरतच्या म्हशीचा होता.

बाई, कुत्रं भाकरीला जातं आणि पोट भरलं की परत येतं. मोती माझ्या हातचा वाढलेला, तो दुसऱ्याच्या दारात दोन दिवस राहायचा नाही. तू शिकलेली आहेस म्हणून तुला समजावत बसत नाही. सकाळी उठलीस की हौदाभोवतीचा चिखल बघ. मांजरीसारखं पाऊल, पण तुझ्या तळहाताएवढं, आणि नखं उमटलेली नसतील. तसं दिसलं तर मला लगेच कळव.

माझं माहेर तळोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्याकडं त्याचं नाव घेत नसत, 'मामा' म्हणत. वाघबारसला शिवेवरच्या दगडाला नारळ फोडायचा आणि म्हणायचं, मामा, तू तुझ्या घरी, आम्ही आमच्या. पण त्याचं घर कुठं ते आम्हाला ठाऊक होतं. तुमच्याकडं त्याचं घर कुठं शे?

तुझे सासरे लकवा झाल्यापासून ओसरीत पडून आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. फोन चालू करा. एवढं म्हाताऱ्या माणसाचं ऐका.

आई


कोरीट शिवार
१० डिसेंबर

ती. आई,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हौदाभोवती पाहिलं. पाऊल होतं. मी त्यावर माझा तळहात ठेवून बघितला आणि मग चिखल पायानं सारवून टाकला. रुपा उठायच्या आत.

पुन्हा दिसलं नाही तर कळवायची गरजच नाही, असं स्वतःला सांगत राहिले. पण पुन्हा दिसलं. आणि रोज चौफेर ऊस कमी होतोय. तोडकऱ्यांनी एकेक शेत मोकळं केलं की जमीन उघडी पडते, दूरवरचं दिसतं. सगळ्यांना बरं वाटतं. मी मात्र मोजत बसते, की आता त्याला लपायला कुठली जागा उरली. आमचा पट्टा उरला, आई. या सगळ्या शिवारात तेवढाच.

संडास त्याला लागून. कागदावर काढलेल्या नकाशात ती जागा किती चांगली दिसली होती! आता मी आणि रुपा जाताना ताट आणि पळी घेऊन जातो. वाजवत जायचं, वाजवत यायचं. रुपाला मी सांगितलंय की हा खेळ आहे. "मामा, आम्ही आलो" असं ती ओरडते आणि हसते. मी दाराबाहेर गवताकडं तोंड करून उभी राहते. गवत वाऱ्यानं हललं तरी मी पुन्हा पळी आपटते.

योगेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. तो आपल्या वाटेला जाणार नाही." बस्, एवढंच. रोज संध्याकाळी तो पट्ट्याकडं तोंड करून बाजेवर बसतो. काही करत नाही, नुसता बसतो. ती शांत पाठ पाहिली की मला जनावराहून तिचीच भीती वाटते. या माणसाला तत्त्व मोठं की लेक मोठी, हे विचारायचं माझ्या ओठांवर येतं आणि मी गिळते. उत्तर नको ते आलं तर?

मयूरी


म्हसावद
१४ डिसेंबर

चि. मयूरी,

येडी शे का तू? चिखल सारवून काय होतं? मामा काय ठशांवर चालतो होय, तो पायांवर चालतो.

रुपाला इकडे पाठव. इथं चार भिंती आहेत, लोखंडी दार आहे, संडासात फरशी आहे. शाळेचं नंतर बघू. नाहीतरी तुम्ही तिला शाळेत कुठं घालता, घरीच शिकवता ना? मी पाढे शिकवीन.

आणि एक सांगते. तुन्हा नवरा मन्हाच आंडोर शे, माझ्याच पोटचा. लहानपणी अंधारात न्हाणीत जायचा नाही. मी दारात उभी राहायची, आणि हा आत गप्प. एक शब्द नाही. मी विचारायची, "काय व्हयनं रे?" तर म्हणायचा, "काही नाही, मी शांत आहे." तो शांत बसला म्हणजे समजून जा.

पोरीला पाठव. भरत सोमवारी रिकाम्या कॅना घेऊन परत फिरतो तेव्हा तिला पुढं बसवून आणील.

आई


कोरीट शिवार
५ जानेवारी २०२५

ती. आई,

रुपाला पाठवायचं मी ठरवलं होतं. तिची पिशवी भरली. तर ती मला बिलगून रडली, आणि मीच ती पिशवी रिकामी केली. यात तिचं रडणं किती आणि माझं किती, कोण जाणे. ती इथं नसली तर मी या घरात राहू शकणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आज सकाळी शेजारचा ललित आला. त्याची नवी, गुडघाभर केळी आमच्या बांधाला लागून आहे. हातात नुसतं दावं होतं, तुटलेलं. अंगणात उभा राहून ओरडला, "दादा, तुमीन झाडे नही पाळी ऱ्हायनात, तुमीन बिबट्या पाळी ऱ्हायनात! मन्ही बकरी गयी. उद्या कोणाचं पोर गेलं तर काय करशात?"

योगेंद्र म्हणाला, "तो माणसाला काही करत नाही, ललितभाऊ."

"असं त्याले सांगेल शे का तुमीन?"

त्याच्यामागून आलेली माणसं बांधावर उभी होती, ती हसली. पण ललित हसला नाही. रुपाकडं बघत होता. आणि मला, आई, शरम वाटली, कारण तो खरं बोलत होता.

मी आता जे लिहिते ते तुमच्याजवळच ठेवा. दगाभाऊंना पाठवा. तुमच्या शेतावरचं विश्वासू माणूस, दुसरं कुणाला मी सांगू शकत नाही. पट्टा पेटवून टाकू द्या. वाळलेलं गवत आहे, वेळ लागणार नाही. योगेंद्रला मी त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून प्रकाशा गावाला देवळात घेऊन जाईन, रुपालाही. परत येऊ तेव्हा झालेलं असेल. म्हणू, कुणाच्या तरी बिडीनं पेटलं. त्याला दुःख होईल. होऊ दे. चार वर्षं त्याच्याबरोबर मीही तो पट्टा राखला आहे, मलाही होईल.

फक्त दिवस कळवा.

मयूरी


म्हसावद
८ जानेवारी

चि. मयूरी,

झालं समज. दगाला सांगते. तू आता जिवाला लावून घेऊ नको, रात्रीची झोप घे.

दिवस मात्र तुला सांगणार नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही आणि जे राहतं ते तोंडावर दिसतं. योगेंद्रला एका नजरेत कळेल. प्रकाशाला जायची गरज नाही. दुपारी रुपाला घरात ठेवत जा, तेवढं पुरे.

तुझ्या सासऱ्यांना खोकला फार आहे. शहाद्याला दाखवावं लागेल असं वाटतं.

आई


कोरीट शिवार
२१ जानेवारी

ती. आई,

हे पत्र वाचल्याबरोबर दगाभाऊंना थांबवा. भरतला मी सांगितलंय, कॅना उतरवायच्या आधी आईंच्या हातात दे.

आज भर दुपारी मी छपरावर चढले होते. माकडांनी एका कोपऱ्यातलं गवत उपसलं होतं, ते बसवायला. वरून पट्टा पहिल्यांदाच आतून दिसला. जमिनीवरून आपल्याला नुसती भिंत दिसते, गवताची. वरून कळलं की मध्ये एक मोकळी जागा आहे, हिवराच्या बुंध्याशी. तिथं ती पडली होती. ती म्हणते, कारण तिच्या पोटाशी दोन पिल्लं होती. एक तिच्या शेपटीशी खेळत होतं. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. मी हातातली पेंढी धरून तशीच बसले. किती वेळ, ठाऊक नाही. खाली अंगणात रुपा गाणं म्हणत होती. पट्ट्यातल्या तिला ते ऐकू येत होतं आणि मलाही. रोजच ऐकू येत असणार तिला.

ती निघून का जात नाही ते आज समजलं. आई, आता पेटवलं तर ती पोरं घेऊन जाणार कुठे? शिवार सगळं बोडकं झालंय. आडोसा म्हणावा असं एकच उरेल, आमचं घर. आणि एखादं पिल्लू आत राहिलं तर? तर ती राखेभोवती फिरत राहील, ज्यांनी केलं त्यांच्या दाराशी.

दुसरंही एक आहे. छपरावरून मला वारा कळला. दुपारचा वारा पट्ट्याकडून घराकडं येतो. हे मला जानेवारीच्या पाच तारखेला का सुचलं नाही? मी काय मागून बसले?

तुम्ही दिवस सांगितला नाहीत. आता प्रत्येक दुपारी मी नाक वर करून उभी असते, धुराचा वास येतो का बघत. शेजारी कुणी चूल पेटवली तरी धावत अंगणात येते. योगेंद्रला सांगावं तर मीच मागितलंय हेही सांगावं लागेल. तेवढं तोंड मला नाही.

एक ओळ पाठवा. "थांबवलं" एवढंच लिहा.

मयूरी


कोरीट शिवार
४ फेब्रुवारी

ती. आई,

तुमची ओळ आली नाही. रविवारी दुपारी धूर आला.

आधी नाल्याच्या बाजूनं, मग एकदम. गवत असं पेटतं हे मी पाहिलं नव्हतं, कपडा फाटल्यासारखा आवाज होतो. वारा घराकडंच होता. मी रुपाला ओल्या गोधडीत गुंडाळून विहिरीपलीकडं नेऊन ठेवलं. तिनं ताट सोडलं नाही. योगेंद्र विहिरीतून बादल्या ओढत होता, मी छपरावर फेकत होते. मोटर काढून फडताळाखाली ठेवलेली, आम्हीच. बादली वर यायला किती वेळ लागतो, आई! छपराच्या कोपऱ्यावर ठिणग्या बसायला लागल्या होत्या. तेवढ्यात ललितनं केळीचा पाइप ओढत आणला आणि सरळ छपरावर पाणी सोडलं. घर राहिलं ते त्याच्या मोटरीमुळे.

संडास गेला. अर्ध्याहून जास्त पट्टा गेला.

सुरुपसिंग म्हणून वनरक्षक आहेत, ते संध्याकाळी आले. त्यांना हिवरापाशी एक पिल्लू जिवंत सापडलं, मिशा जळलेलं. त्यांनी ते केळीच्या क्रेटमध्ये सुकं गवत घालून तिथंच ठेवलं आणि आम्हाला दार लावून आत बसायला सांगितलं. म्हणाले, "आई जिवंत असली तर नेईल. न्यायला आली की मध्ये कुणी दिसायला नको." आम्ही तिघं आत. बाहेर ते क्रेटमध्ये ओरडत होतं. मांजराच्या पिल्लासारखंच ओरडतं, आई. रुपा विचारत होती, त्याची आई ऐकते आहे का? मी म्हटलं, ऐकते. आणि मनात, ती ऐकते आहे तर ती इथंच कुठंतरी आहे, या भिंतीपलीकडं.

सकाळी क्रेट रिकामं होतं. दुसरं पिल्लू सापडलं नाही. राखेतही नाही. म्हणजे तिनं आधीच नेलं, असं आम्ही धरून चाललो आहोत.

नाल्याच्या चिखलात चपलांचे ठसे आहेत. येतानाचे आणि जातानाचे. दगाभाऊंना सांगा, वारा तरी बघायचा होता. आणि तुम्हाला काय सांगू? मी हात जोडून थांबवा म्हणाले होते. तुमची नात घरात होती.

मयूरी


म्हसावद
६ फेब्रुवारी

चि. मयूरी,

तुझं एकवीस तारखेचं पत्र मी काल वाचलं. त्या दिवशी सकाळीच तुझ्या सासऱ्यांना श्वास लागला, शहाद्याला दवाखान्यात नेलं. मी तिथंच होते, आत्ता आणलंय त्यांना घरी. शेजारच्या कालीबाईनं "मी देते" म्हणून भरतकडून पत्र घेतलं आणि देव्हाऱ्यात जपून ठेवलं होतं. म्हणे, आलं तसं ठेवलं, तुमचं तुम्ही उघडा.

आता नीट वाच. मी दगाला काहीच सांगितलं नव्हतं. कधीच नाही.

तुझं घर गवताचं, मन्ही नात त्यात झोपते, आणि मी शेजारी आग लावायला माणूस धाडीन? माले आगीचं भ्याव मामाहून जास्त शे. मामाला पोट असतं, ते भरतं. आगीला कुठं पोट? तुला हो म्हटलं ते तुला धीर यावा म्हणून. वाटलं, काम होणार आहे असं कळलं की चार दिवस झोपशील, तोवर ऊसतोड संपेल, जनावर डोंगराकडं लागेल. दिवस सांगितला नाही कारण दिवस नव्हताच. माझ्या या शहाणपणापायी तू रोज धूर हुंगत बसलीस. हे वाचून मी पदर तोंडात घालून रडले, तुझे सासरे विचारत होते काय झालं, त्यांना धड बोलताही येत नाही.

दगा रविवारी माझ्याबरोबर दवाखान्यात होता. सासऱ्यांना उचलायला.

ते ठसे त्याचे नाहीत.

रुपाला पाठव. आता ऐकून घेणार नाही.

आई


कोरीट शिवार
११ फेब्रुवारी

ती. आई,

तुमच्यावर विश्वास आहे. आधी हे लिहिते, कारण मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही.

तुमचं पत्र वाचून मी नाल्यावर गेले. चिखल सुकला होता, ठसे घट्ट झाले होते. तोवर मी ते ठसे पाहताना दगाभाऊंना पाहत होते, आपल्या माणसाला. आता तिथं कुणीच नव्हतं. किंवा कुणीही होतं. माझ्या मागं सगळं शिवार मोकळं, कुठूनही कुणी पाहत असेल तर मी दिसणार. मी घरापर्यंत पळत आले.

योगेंद्रला सगळं सांगितलं. मी काय मागितलं होतं तेही. मग तुमचं डिसेंबरचं पत्र मी त्याच्यापुढं ठेवलं, न्हाणीचं. ते वाचून तो रडला, आई. म्हणाला, डिसेंबरपासून त्याच्या बाजेखाली कुऱ्हाड होती. रोज संध्याकाळी तो बसायचा तो पहारा होता. पिल्लं त्यालाही दिसली होती. मी घाबरेन म्हणून त्यानं सांगितलं नाही. दोघं एकाच छपराखाली, एकाच जनावराला भीत होतो, आणि मी त्याच्या पाठीला भीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं फडताळाखालून मोटर काढली, पुसली आणि विहिरीवर बसवली. फोन चालू केला. सुरुपसिंगचा नंबर दारावर कोळशानं लिहिलाय. पट्टा मात्र तो कापणार नाही म्हणाला. जळालेल्या बुडख्यांतून आत्ताच हिरवे कोंब आलेत. मी नाही म्हटलं नाही.

काल ललित आला होता. मी चहा केला. आमचं घर वाचवलं त्याला चहा तरी द्यायला हवा. रुपाच्या डोक्यावरून हात फिरवला त्यानं, जपून, स्वतःची लेक असल्यासारखा. मी विचारलं, "भाऊ, पाइप इतक्या लवकर कसा मिळाला हो?" तो म्हणाला, "वहिनी, केळीला पाणी चालूच होतं." असेल. केळीला पाणी रोजच चालू असतं. चहा त्यानं अर्धाच प्यायला. नको असेल, उन्हातून आला होता. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, उलट्या पडल्या होत्या, तळ वर. मी कप न्यायला उठले तेव्हा त्या दिसल्या. आणि मी लगेच दुसरीकडे पाहिलं. कळून मी काय करणार होते? बांध त्याचा आणि आमचा एकच आहे.

ती, पिल्लांची आई, कुठे आहे ते आता कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी निदान जागा माहीत होती.

रुपा या पत्राबरोबरच येते आहे. तिची पिशवी भरली, या वेळी रिकामी केली नाही. पिशवीत ताट आणि पळीही आहे, ती त्याशिवाय निघायला तयार नव्हती. तुमच्याकडं फरशीचा संडास आहे, लोखंडी दार आहे, दिवा आहे, हे मी तिला सांगितलं. तरी ती वाजवत जाईल. वाजवू द्या. बाबांची झोप मोडली तर माझ्या नावानं माफी मागा.

आणि आई, ती आत असेल तोवर दाराबाहेर उभ्या राहा. योगेंद्रसाठी राहायच्या तशा.

तुमची
मयूरी